मक्याचे दोन दाणे

गळ टाकून बसलेल्या माणसाला आमिष कुठलं लावलंय असं विचारलं, तर त्याने खरं सांगायचं नसतं. इंग्लंडातल्या टीम नदीच्या काठावर हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते आपोआप येतं. विल्फ ट्रँटर आणि क्लेम बॅगशॉ हे तर या विद्येतले पोहोचलेले पुरुष. शाळेत एका बाकावर बसायचे तेव्हापासून दोघं एकमेकांना थापा मारत आले होते. क्लेम 'गांडूळ' म्हणाला की विल्फने अळ्या लावाव्यात, विल्फ 'पाव' म्हणाला की क्लेमने चीज मळायला घ्यावं. त्यावरून कुणी कधी रागावलं नाही. समोरचा आपल्या तोडीचा आहे म्हणून तर खोटं बोलायचं, त्यात एक मान होता.

पुढे वीटभट्टीच्या तळ्यावरून दोघांचं फाटलं. भट्टी बंद पडली, मातीच्या खड्ड्यात पाणी साठलं, आणि क्लेमने गावच्या मासेमारी क्लबतर्फे त्यात चब आणि बार्बेल सोडायचं ठरवलं. दोन्ही मासे वाहत्या पाण्यातले. चब मोठ्या तोंडाचा, खादाड. बार्बेल लांबट, मिशाळ, नदीच्या धारेत तळाशी नाक खुपसून उभा राहणारा. विल्फचा सगळा जीव या बार्बेलवर. गावच्या हॉलमध्ये सभा भरली तेव्हा तो उठून म्हणाला, "नदीचा मासा डबक्यात कोंबणारा माणूस उद्या आपल्या आईलाही न्हाणीच्या टबात ठेवील!" सभा खो-खो हसली. क्लेमची आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती, हे विल्फला ठाऊक नव्हतं. क्लेम समोरचा चहा तसाच टाकून निघून गेला. त्या दिवसापासून दोघांत चकार शब्द नाही. विल्फनेही तळ्याचं तोंड पाहिलं नाही.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत विल्फ नदीच्या ओल्या उतारावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन बसला. हाड सांधलं, पण काठी हातात आली ती आलीच. मुलीने, गेलने, नदीचं नाव काढायला बंदी केली. मग म्हातारा खिडकीशी बसू लागला. आधी बोलणं कमी झालं, नंतर जेवण. एका सकाळी तो म्हणाला, "माझे गळाचे रॉड देऊन टाक त्या धर्मादाय दुकानात. कुणाच्या तरी कामाला येतील."

बाप आता खाटेची वाट धरणार, हे गेलला त्या एका वाक्यात दिसलं.

"देऊ," ती म्हणाली. "पण आधी एकदा वीटभट्टीवर जाऊ. वाट सपाट आहे, गाडी पार काठापर्यंत जाते."

"त्या डबक्यावर?"

"एकदाच, डॅड."

"बरं. एकदाच. बार्बेल लागला तर लागला. नाही तर येताना दुकानापाशी गाडी थांबव."

म्हणून त्या मंगळवारी रॉड गाडीत मागे होते, आणि ते घरी परत जाणार की दुकानात, ते काही ठरलेलं नव्हतं.

तळ्याच्या फाटकाशी क्लेमच उभा. तळं सांभाळायचं काम अजून त्याच्याकडेच होतं. पोट सुटलं होतं, टोपी मात्र तीच जुनी. त्याने विल्फच्या काठीकडे पाहिलं, मग विल्फकडे.

"आलास?"

"गेलने आणलं."

"एल्डरच्या झाडाखाली बस. खुर्चीला जागा सपाट आहे."

विल्फच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कशावर लागतायत?"

क्लेमने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मक्याचे दोन दाणे. गळ लहान. लांब फेकू नकोस, काठाशीच सोड, झाडाच्या मुळांपाशी, अगदी पायाखाली. आणि जास्त उधळू नकोस. इथे पाणी वाहत नाही, टाकलेलं तिथेच कुजतं, मग मासा तोंड लावत नाही." फाटकाजवळच्या टपरीत जाऊन त्याने मक्याच्या दाण्यांचा एक उघडलेला डबा आणला आणि गेलच्या हातात ठेवला.

विल्फला मनातून हसू फुटलं. मका! पायाखाली! इतक्या वर्षांनी भेटला आणि पहिलीच थाप एवढी लोणकढी. बार्बेलला वास लागतो तो मांसाचा, हे काय त्याला आज कळायचं होतं? एल्डरखाली बसल्याबरोबर त्याने डबाबंद मांस काढलं, बोटाएवढे चौकोन कापले आणि करी पावडरीत घोळवले. आपल्याकडच्या कुठल्याही भाजीने तिला मसाला म्हणून ओळख दिली नसती, पण नदीवरचे बार्बेल तिच्यावर तुटून पडत. मग हात मागे नेऊन त्याने आमिष भिरकावलं ते थेट तळ्याच्या मधोमध.

आणि बसला.

नदीत असा चौकोन पडला की धार त्याचा वास खाली वाहून नेते, आणि मासा वासाच्या मागावर वर चढत येतो. इथे वास नेणारं कुणी नव्हतं. मांस चिखलात पडून राहिलं. विल्फने दुसरा चौकोन लावला, मग त्याहून मोठा. रॉडचं टोक काही हललं नाही. गेलने चीज-लोणच्याचं सँडविच दिलं, ते त्याने अर्धं खाल्लं.

"डॅड, क्लेमकाका मका म्हणाले होते ना?"

"म्हणून तर मका लावत नाही."

"म्हणजे?"

"अगं, क्लेम कधी खरं सांगेल होय? तो मका म्हणाला म्हणजे मका सोडून काहीही. काठाशी म्हणाला म्हणजे लांब."

गेलने बापाकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्हा लोकांना डॉक्टर दाखवायला हवा."

दुपार कलू लागली. विल्फ सामान आवरायच्या बेताने रॉडकडे पाहू लागला होता. गेलला बसून कंटाळा आला होता. समोर एक पाणकोंबडी घुटमळत होती, तिच्यासाठी गेलने डब्यातली चिमूटभर मका टाकला. पाणकोंबडीने दोन दाणे टिपले, बाकीचे एल्डरच्या मुळांपाशी पिवळे पिवळे बुडत गेले.

तेवढ्यात मुळांखालची सावली हलली. तपकिरी पाठ, नारिंगी पर, आणि तोंडापाशी चार मिशा. बार्बेल सावकाश खाली झुकला आणि एकेक दाणा वेचू लागला, विल्फच्या बुटापासून हातभर अंतरावर.

विल्फ खुर्चीत पुढे झुकला. म्हणजे क्लेम खरं बोलला होता!

आधी आनंद झाला, आणि पाठोपाठ कसंसंच झालं. अख्ख्या जन्मात क्लेमने त्याला खरं आमिष सांगितलं नव्हतं. आज का सांगितलं? त्याने काठीकडे पाहिलं आणि त्याचे कान तापले. खरं आमिष सांगायचं ते लहान पोरांना, नाही तर मरायला टेकलेल्या माणसाला. क्लेमने त्याची कीव केली होती.

"डॅड, मासा जाईल!"

कीव तर कीव. त्याने मोठा गळ कापून लहान बांधला, दोन दाणे ओवले आणि पायाखाली सोडले. बार्बेल पुढे गेला, वळला, परत आला. मिशांनी दाणे चाचपले. पुढच्याच क्षणी रॉड कमानीसारखा वाकला आणि दोरीचं चाक किंचाळू लागलं.

"गेल! जाळी!"

"जाळी कशी धरायची मला काय माहीत? क्लेमकाका! अहो क्लेमकाका!"

क्लेम सुटलेल्या पोटाला न शोभेल अशा वेगाने धावत आला. विल्फला वाकता येत नव्हतं, तेव्हा तोच चिखलात गुडघे टेकून जाळी पाण्यात धरून बसला. मासा तीनदा मुळांकडे झेपावला, तीनदा विल्फने त्याला परतवला. शेवटी तो जाळीत आला. क्लेमने गळ सोडवला. बार्बेल दमतो फार, म्हणून जाळी पाण्यातच ठेवून मासा सरळ धरून बसावं लागतं, तसा क्लेम बसून राहिला. गेलने बापाला धरून खाली बसवलं. विल्फने पाण्यात हात घातला. अंग भरलेलं, कल्ले जोरात चाललेले. नदी सुटली म्हणून हा काही मेला नव्हता. चांगला पोसला होता.

"मी मरायला टेकलोय असं वाटलं का रे तुला?" विल्फने विचारलं.

"का?"

"खरं सांगितलंस."

क्लेमने माशावरची नजर काढली नाही. "गेल फोनवर बोलली होती. खोटं सांगितलं असतं, तू रिकाम्या हाताने गेला असतास, आणि पुन्हा आला नसतास. मग मी थापा कुणाला मारायच्या? इथे येतात ती सगळी पोरं. काहीही सांगा, विश्वास ठेवतात. काय मजा त्यात?"

विल्फने माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "तुझ्या आईचं मला ठाऊक नव्हतं, क्लेम. खरंच नव्हतं. चुकलं माझं."

"आईला सांगितलं होतं मी. ऐकून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

दोघांच्या हातांमधून बार्बेलने एक जोराचा फटका मारला, दोघांना भिजवलं आणि मुळांखाली नाहीसा झाला.

पलीकडच्या काठावरून एका पाहुण्याने हाक दिली. "झकास मासा! कशावर लागला हो?"

"मांसावर!" विल्फ ओरडला. "करी पावडर लावून!"

"आणि लांब टाका, अगदी मधोमध!" क्लेमने लगेच पुस्ती जोडली.

पाहुण्याने मनापासून आभार मानले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं.

निघताना क्लेमने विल्फला हात देऊन गाडीत बसवलं. विल्फने काच खाली केली.

"पुढच्या मंगळवारी कशावर लागतील?"

क्लेमने आभाळाकडे पाहिलं, टोपी मागे सारून डोकं खाजवलं, सगळं अगदी साग्रसंगीत केलं. "चीजवर," तो म्हणाला. "चांगले मोठे गोळे करून. मका आता संपला समज."

धडधडीत खोटं! विल्फला वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

गाडी गावात शिरली. धर्मादाय दुकान आलं, गेलने वेग जरासा कमी केला आणि बापाकडे पाहिलं.

"पुढे घे, पुढे," विल्फ म्हणाला. "वाण्याकडे थांब."

"चीज घ्यायचं ना?"

"मका," विल्फ म्हणाला. "दोन डबे."