वळूने ओलीस धरलेले विश्वासराव

विश्वासरावांचं नाव उभ्या आयुष्यात एकदाच छापून आलं होतं, लग्नपत्रिकेत. त्यामुळे मंगळवारी सकाळी दोन-दोन हिंदी वर्तमानपत्रांत आपला फोटो बघून ते दारातच मटकन बसले.

झालं होतं एवढंच. आदल्या दिवशी चार वाजता त्यांनी जयेंद्रगंजात कचोरीच्या दुकानासमोर स्कूटर लावली आणि एक वळू येऊन तिला खेटून बसला. त्याला उठवायची कुणाची छाती होईना. विश्वासराव दुकानात शिरले आणि तो उठेपर्यंत, म्हणजे सहापर्यंत, खात राहिले. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्याला आठ वर्षं झाली होती. वळू देवानेच धाडला असं त्यांना वाटलं. घरी येऊन बायकोला, लीलाताईंना, त्यांनी सांगितलं, वाचनालयात होतो.

मधल्या वेळात दोन वार्ताहर येऊन गेले. ‘जनविवेक’ या भारदस्त पत्राच्या वार्ताहराने विचारलं, या मोकाट जनावरांबद्दल नगर निगमला, म्हणजे महापालिकेला, काय सांगाल? विश्वासरावांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी नुसता हात वर केला. ‘धडाका’वाल्याने फोटो काढला तेव्हा हिरव्या चटणीने त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

‘जनविवेक’ने छापलं: ‘आवारा पशुओं के विरुद्ध वरिष्ठ नागरिक का मौन प्रतिरोध’. ‘धडाका’ने छापलं: ‘खूनी सांड ने बुज़ुर्ग को बनाया बंधक! दो घंटे बहते रहे आँसू!’

नऊ वाजता वरच्या मजल्यावरची हेमांगी हळदीचा लेप घेऊन धावत आली. "काका, कहाँ लगी? शिंग कुठे घुसलं?"

तिच्या मागोमाग निवृत्त प्राचार्य शिवाजीराव हार घेऊन आले. "विश्वासराव, मोकाट जनावरांविरुद्ध समिती काढलीय. अध्यक्ष तुम्ही!"

विश्वासरावांनी लेप लावून घेतला आणि हारही घालून घेतला. खरं सांगण्यापेक्षा दोन्ही सोपं होतं.

लीलाताई मात्र दोन्ही पेपर जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरून ओळ न् ओळ वाचत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला.

"अहो, हा म्हणतो बंधक, तो म्हणतो आंदोलन. इथे आसवं, तिथे गंभीर मौन. एक अक्षर जुळत नाही. दोघांचं जुळतं ते एवढंच, चार ते सहा आणि कचोरीचं दुकान." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "किती खाल्ल्या?"

"सात," विश्वासराव म्हणाले. आणि मग हळूच, "आलूवाल्या वेगळ्या."

"काकू, सदमा लगा था ना," हेमांगी कळवळून म्हणाली. "अशा वेळी माणूस काहीही खातो."

"वहिनी, खरं काहीही असो," शिवाजीराव म्हणाले, "छापून आलंय. समितीला आता मागे हटता येत नाही. रविवारी त्याच जागी लाक्षणिक उपोषण!"

उपोषण म्हटल्यावर लीलाताईंनी तत्काळ संमती दिली.

रविवारी विश्वासराव दुकानासमोर खुर्चीवर बसले. शेजारी दुधीच्या रसाचा थर्मास घेऊन लीलाताई. वळूचा पत्ता नव्हता. शिवाजीरावांनी माणसं पिटाळली, ती टोपी बाजारातून त्याला केळी दाखवत दाखवत घेऊन आली. आल्या आल्या त्याने समितीचा कापडी फलक ‘पशुमुक्त’पर्यंत खाल्ला आणि विश्वासरावांच्या पायाशी बसकण मारली.

समोर कढईत नवा घाणा पडला. विश्वासरावांचा धीर सुटला. दोन्ही वार्ताहरांना जवळ बोलावून ते स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहून घ्या. ना मी आंदोलन केलं, ना मला कुणी बंधक बनवलं. मी कचोऱ्या खात होतो."

दोघांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी ‘जनविवेक’मध्ये आलं: ‘अनशन से अध्यक्ष की हालत नाज़ुक, पर संकल्प अटल’. आणि ‘धडाका’त: ‘सांड का ख़ौफ़: दिमाग़ी संतुलन खो बैठे बुज़ुर्ग, रटते रहे कचोरी-कचोरी!’

दुपारपर्यंत चौकशीला चाळीस माणसं येऊन गेली. लीलाताईंनी सगळ्यांना चहा दिला, कुणालाही काही समजावलं नाही, आणि स्कूटरची किल्ली कमरेला खोचली.