मामांच्या गाडीला सुपरचार्जर

भैयाजी उमाठेंना लकवा मारला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. मानेवाड्याच्या घरी, अंगणातल्या शेडमध्ये त्यांची साठच्या दशकातली अ‍ॅम्बॅसिडर उभी होती. उभ्या उभ्या ती खराब होऊ नये, आणि नवऱ्याला एकटं सोडून आपल्याला निघता येत नाही, म्हणून त्यांच्या बायकोनं, शोभामामींनी, चावी भाच्याला दिली. उन्मेषनं दर रविवारी गाडी फिरवून आणायची, एवढंच सांगणं होतं.

उन्मेष हिंगण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. दाबलेल्या हवेत काय ताकद असते ते तो रोज पाहायचा. त्याच्या मित्रानं, विक्रमनं, भंगारात निघालेल्या एका परदेशी गाडीचा सुपरचार्जर मिळवून दिला. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारं ते यंत्र उन्मेषनं मामांच्या गाडीला बसवलं. ब्रॅकेट स्वतः बनवलं, हवेबरोबर पेट्रोलही जास्त जावं म्हणून कार्बोरेटरचे जेट बदलले. मामांना विचारावं असं मनात आलं होतं. ते नाही म्हणतील हे ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही.

आधी यंत्र हळू फिरेल अशी मोठी पुली लावून त्यानं गाडी जपून चालवली. चढावर ती अशी उचलायची की त्याला एकट्यालाच हसू यायचं. मग यंत्र आणखी जोरात फिरावं म्हणून त्यानं लहान पुली लावली. सावनेर रोडवर इंजिनातून खडखड ठोके ऐकू आले. इंजिनाला हा दाब झेपत नाही, हा त्या आवाजाचा अर्थ त्याला पक्का माहीत होता. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा सोडून त्यानं तो अजून दाबला. थोड्याच वेळात मागून निळा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. पिस्टनला भोक पडलं होतं.

"इंजिन जुनंच होतं म्हण," विक्रम म्हणाला. "कोण पाहून राहिलं?"

गाडी विक्रमच्या घरी ओढून नेऊन उन्मेषनं सुपरचार्जर उतरवला आणि मामांकडे जाऊन तसंच सांगितलं. मामींनी ऐकून घेतलं, पण भैयाजी अस्वस्थ झाले. अडखळत काही बोलू लागले, आणि मामी त्याचा अर्थ लावत गेल्या. आजारपणाआधीच इंजिनाचं काम काढायला हवं होतं, ते आपण टाळलं. मोडकी गाडी भाच्याच्या गळ्यात बांधली. रस्त्यात पोराला काही झालं असतं तर? भैयाजींनी डावा हात उन्मेषच्या गुडघ्यावर ठेवला.

"माही... चूक," ते म्हणाले.

चहा तसाच ठेवून उन्मेष कामाचं निमित्त सांगून निघाला. कारखान्यात त्याचं लक्ष लागेना. ते दोन शब्द मामांनी केवढ्या कष्टानं जुळवले होते, आणि ते बोलायचे होते त्यानं. काही दिवसांनी मामींचा फोन आला. मामा नीट जेवत नव्हते, सारखे रिकाम्या शेडकडे बोट दाखवत होते. शिफ्ट संपल्यावर उन्मेष घरी न जाता थेट मानेवाड्याला गेला.

"मामा, तुमची चूक नोहे," तो उभ्यानंच म्हणाला. "मी गाडीले सुपरचार्जर लावला. ठोके ऐकू आले तरी पाय काढला नाही."

भैयाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"इंजिनाचं जाऊ दे गा," मामी म्हणाल्या. "त्यायनं तुह्यासमोर चूक कबूल केली, अन् तू ऐकून घेतली. काहून?"



विक्रमच्या घरून गाडी ओढून शेडमध्ये आणली. सुट्टीच्या दिवशी उन्मेष तिथंच काम करायचा. नवा पिस्टन, नव्या रिंगा, जेट मात्र मूळचेच. भैयाजी दारात खुर्चीवर बसून फक्त गाडीकडे बघायचे. अखेर इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. त्या दिवशी मामा पोटभर जेवले, असं मामींनी नंतर फोनवर सांगितलं. उन्मेषला जेवायला थांब असं मात्र कोणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मामींनी त्याला बोलावलं ते मामांना उचलून गाडीत बसवायला. त्यानं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पाठीशी उशी लावली. स्टिअरिंगवर मामी बसल्या. लग्नानंतर मामांनीच त्यांना गाडी शिकवली होती.

"बस मांगं," त्या त्याला म्हणाल्या.

गाडी हळूहळू रिंग रोडला लागली. मागून उन्मेषला मामांची मान तेवढी दिसत होती. वाटेत भैयाजी मामींना काहीतरी बोलले आणि मामी हसल्या. ते काय बोलले ते मागे ऐकू आलं नाही, आणि विचारायचं त्याचं धाडस झालं नाही.