मागचं झाकण

नवनाथने घड्याळ भिंगाखाली धरलं आणि महाळुंग्याच्या त्या कारखान्यातल्या मीटिंग रूममध्ये बोलणं थांबलं.

नवनाथ हा पुण्यातल्या एका मोठ्या शोरूमचा दुरुस्तीचा माणूस. त्याला बोलावलं होतं प्लांट हेड शरच्चंद्र सरांनी, आणि ती वेळ आणली होती उद्धवरावांनी. उद्धवरावांचं तळवड्यात वर्कशॉप. ब्रेकला लागणारे ब्रॅकेट ते कंपनीला पुरवत. मागच्या आठवड्यात क्वालिटीच्या निमिषने त्यांचा अख्खा लॉट परत पाठवला होता. सर्टिफिकेट चांगल्या स्टीलचं आणि माल भलताच! उद्धवराव गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. ते तडक सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, की तुमचा हा साहेब पाकीट घेऊन माल पास करतो, न देणाऱ्याचा परत पाठवतो. पटत नसेल तर त्याच्या मनगटाकडे बघा, पगारात लाखांचं स्विस घड्याळ येतं का ते सांगा.

म्हणजे घड्याळ खरं निघालं तर निमिषची नोकरी जाणार होती. लाचखाऊ म्हणून एकदा नाव झालं, की चाकणच्या अख्ख्या पट्ट्यात त्याला कोणी दारात उभं केलं नसतं. घड्याळ नकली निघालं तर मात्र तो सुटला.

आणि घड्याळ नकलीच होतं. हे निमिषने खुर्चीत बसताक्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण माणसाची गंमत अशी, की जीव वाचवायच्या वेळीसुद्धा तो आधी नाक वाचवायला बघतो.

अशी बरीच घड्याळं त्याच्या कपाटात होती, सगळी बड्या कंपन्यांची हुबेहूब नक्कल. फोनवरून मागवायची, कुरिअरने यायची, खोक्यावर ‘खेळणी’ लिहिलेलं असायचं. बाकीचे हौशी लोक एवढ्यावर थांबतात. निमिष रविवारी सकाळी टेबलावर पांढरं फडकं अंथरायचा, धूळ उडू नये म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद करायचा आणि एकेक घड्याळ उघडून सुईच्या टोकाने तेल द्यायचा. ‘‘नैवेद्याला काय करू यांच्या?’’ बायको, शुभदा, वर्तमानपत्राने वारा घेत विचारायची. आजच्या या घड्याळावर तर त्याचा विशेष जीव होता. काटे, काच, किल्ली, पट्ट्याचं लॉक हे सगळं त्याने कुठून कुठून खरं मिळवून बसवलं होतं. आतलं मशीन तेवढं नकली राहिलं होतं, कारण ते पगारात बसत नव्हतं.

आता हे सांगायचं कोणासमोर, तर समोर हाताची घडी घालून बसलेल्या उद्धवरावांसमोर, ज्यांचा माल त्याने डुप्लिकेट म्हणून हाकलला होता. त्यांच्या देखत स्वतःचं मनगट डुप्लिकेट आहे म्हणायला त्याची जीभ रेटेना. शोरूमचा माणूस सांगेलच, मग आपण मान डोलवू, असं त्याने ठरवलं होतं.

नवनाथने भिंग खाली ठेवलं. ‘‘ओरिजनल आहे, सर.’’

निमिषला आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद. इतके रविवार ज्या एका शब्दासाठी घातले, तो शब्द खुद्द शोरूमच्या माणसाने उच्चारला होता. मग त्याला आठवलं, की त्याच शब्दाने त्याची नोकरी जाणार होती.

‘‘बघा,’’ उद्धवराव म्हणाले. ‘‘आमी काय खोटं बोलत व्हतो व्हय?’’

शरच्चंद्र सर निमिषकडे वळले. ‘‘तू तर कँटीनमध्ये सांगतोस, की सासऱ्यांनी लग्नात घातलं म्हणून.’’

‘‘हो सर,’’ निमिष म्हणून गेला. तीन वर्षांची सवय, दुसरं काय. वास्तविक तेव्हाच ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

‘‘मग प्रश्नच मिटला. नंबर दे त्यांचा.’’

एचआरच्या सुखदाने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. निमिषचे सासरे दिघीला राहत, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

‘‘काका, निमिष यांच्या कंपनीतून बोलतेय. काळजीचं काही नाही. त्यांच्या हातातल्या घड्याळाबद्दल विचारायचं होतं. लग्नात तुम्ही दिलंत का ते?’’

‘‘दिलं तर! मांडवात माझ्या हाताने बांधलं.’’ म्हाताऱ्याचा आवाज फुलला. ‘‘ऐपतीच्या जरा बाहेरचं होतं आमच्या. पण एकुलती एक लेक, म्हटलं जावयाच्या हातात चांगलं दिसलं पाहिजे.’’

उद्धवरावांनी हाताची घडी सोडली. शरच्चंद्र सर मागे रेलले. निमिष सुटला होता, घड्याळही खरं ठरलं होतं आणि नाकही शाबूत होतं. त्याने फक्त गप्प बसायचं होतं.

पण म्हातारा खोटं बोलत नव्हता, तो वेगळ्याच घड्याळाबद्दल बोलत होता. साध्या पांढऱ्या तबकडीचं, देशी कंपनीचं ते घड्याळ कपाटाच्या खालच्या खणात डबीतच होतं. त्यातला सेल कधीच संपला होता आणि नकली मशिनांना थेंबाथेंबाने तेल पाजणाऱ्या निमिषने तो साधा बदलूनही घेतला नव्हता.

‘‘पावती वगैरे आहे का हो?’’ शरच्चंद्र सरांनी सहज विचारलं. ‘‘फाइलला लावली, की विषय बंद.’’

‘‘आहे ना. गॅरंटी कार्डासकट ठेवलीय. बघतो हं, फोन ठेवू नका.’’

स्पीकरमधून फोन बाजूला ठेवल्याचा आणि लांबून गोदरेजचं कपाट उघडल्याचा आवाज आला. पावती निघणार, म्हातारा परत फोनवर येऊन कौतुकाने ती वाचून दाखवणार, उद्धवराव खो खो हसणार आणि ते हसणं फोनमधून दिघीला ऐकू जाणार. आपण दिलेल्या घड्याळाचं काय झालं, हेही त्याला तिथेच कळणार.

‘‘सर, फोन बंद करा. ते घड्याळ वेगळं आहे. हे त्यांनी दिलेलं नाही. हे नकली आहे.’’

‘‘आता नकली झालं व्हय?’’ उद्धवराव म्हणाले. ‘‘पावतीचं नाव काढलं तर नकली!’’

शरच्चंद्र सरांची भुवई चढली. ‘‘फोन राहू दे. नवनाथ?’’

‘‘बाहेरून तर काही खोट नाही, सर. आतलं उघडल्याशिवाय कसं सांगू? आणि मालकाने सांगितल्याशिवाय मी उघडत नाही.’’

‘‘मी उघडतो,’’ निमिष म्हणाला आणि त्याने नवनाथच्या पेटीतली पकड ओढून घेतली. मागचं झाकण तो डोळे मिटून काढू शकत असे. आज पकड दोनदा सटकली आणि स्वतःच्या हाताने घासून चकाकवलेल्या त्या झाकणावर लांब ओरखडा उमटला. फोनमधून कागदांची सळसळ येत होती, मधेच म्हाताऱ्याचं पुटपुटणं, ‘‘इथेच तर होती...’’ तिसऱ्या खेपेला झाकण फिरलं. त्याने घड्याळ नवनाथपुढे सरकवलं.

नवनाथने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ‘‘मशीन नकली आहे, सर. सांभाळलंय फार छान. पण नकलीच.’’

सुखदाने निमिषकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

‘‘म्हणजे तू पैसे खाल्ले नाहीस,’’ शरच्चंद्र सर सावकाश म्हणाले. ‘‘बरं झालं. उद्धवराव, तुमचा लॉट परतच.’’

‘‘परत तर परत. पर ह्ये बरं हाय, साहेब. डुप्लिकेट घालून फिरायचं अन् आमचा माल डुप्लिकेट ठरवायचा.’’

‘‘एवढं मात्र त्यांचं खरं आहे.’’ सरांनी आवाज चढवला नाही. ‘‘निमिष, नोकरीला धक्का नाही. पण नकली वस्तू खऱ्यासारखी दिसावी म्हणून जो एवढा खपतो, त्याच्या एकट्याच्या सहीवर मी ब्रेकचा माल कसा सोडू? उद्यापासून तुझ्या सहीबरोबर दुसरी सही लागेल.’’

तो लॉट आपणच पकडला होता, असं निमिषला ओरडून सांगावंसं वाटलं. पण त्याने फक्त पकड नवनाथच्या पेटीत परत ठेवली.

‘‘हॅलो? सापडली हो!’’ फोनमधून आवाज आला. म्हाताऱ्याला धाप लागली होती. ‘‘घडीवर विरलीय, पण अक्षर लागतंय. वाचू का? किंमतसुद्धा दिसतेय.’’

उद्धवराव फोनकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांवर आलेलं हसू तिथेच राहिलं.

‘‘नको काका,’’ सुखदा हळू म्हणाली. ‘‘पावती आता नाही लागणार.’’

‘‘नाही ना? मग छान. निमिषराव आहेत का तिथे? निमिषराव, खरं सांगू का, तुमच्या हातात ते कधी दिसलं नाही, तेव्हा मला वाटायचं, आवडलं नसावं. शुभदाला विचारायचा धीर नाही झाला. आज कळलं, कंपनीत घालून जाता. फोन करून विचारतात म्हणजे लोकांच्या नजरेत भरतंय. फार बरं वाटलं हो.’’

घड्याळ टेबलावर उघडं पडलं होतं. निमिषने मोकळं मनगट दुसऱ्या हाताने झाकलं.

‘‘हो बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘रोज तेच घालतो.’’

त्या खोलीतल्या चौघांपैकी कोणीही त्याला खोटं पाडलं नाही.