बसण्याचा अधिकार

कोकण मानसशास्त्र परिषदेच्या नियमाप्रमाणे विद्यार्थी प्रतिनिधीला बैठकीत बसण्याचा अधिकार होता, बोलण्याचा नव्हता. नमिता मोकलला हे कळलं ते निवडून आल्यावर. पहिल्याच बैठकीत तिने तोंड उघडलं, तेव्हा सचिव ठोसर सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "नमिता, तू फक्त बस." मग ती वर्षभर बसली. चहा तिच्यापर्यंत येईतो संपायचा, तरी ती बसलेलीच. माणसाचं ऐकून कसं घ्यावं हे शिकवायला ही मंडळी पदविका चालवतात, आणि यांच्या स्वतःच्या घरात ही तऱ्हा!

एवढंही तिने सोसलं असतं. पण सलीमाचं प्रकरण आलं आणि तिचं डोकंच फिरलं.

सलीमा मुकादम रोह्याची, नमिताच्याच वर्गातली. परिषदेच्या समुपदेशन पदविकेत शेवटचं वर्ष एखाद्या शाळेत मुलांबरोबर काम करायचं असतं, आणि वर परिषदेने नेमलेला मार्गदर्शक असतो. सलीमाचे मार्गदर्शक नाताळात नोकरी बदलून नागपूरला चालते झाले. तिने दुसरा मागितला, परिषदेने दिला नाही. पोरीने काम मात्र सोडलं नाही. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलं तिच्याशी घडाघडा बोलायला लागली. मुख्याध्यापिकांनी जागा राखून ठेवली, म्हणाल्या, "गणपतीची सुट्टी संपली की कायमची ये, फक्त पदविका हातात घेऊन ये." आणि परिषदेने काय ठरवावं? मार्गदर्शकाशिवाय केलेलं काम धरता येत नाही, सबब वर्ष पुन्हा करावं. चूक यांची आणि वर्ष हिचं! हे ठरलं तेव्हा नमिता त्याच खोलीत बसली होती.

तिला बोलायचं तर नियम बदलायला हवा, नियम बदलायला सर्वसाधारण सभा हवी, आणि सभेला माणसं हवीत. तिथेच घोडं पेंड खात होतं. सभासद कुणी ठाण्याचे, कुणी पनवेलचे, कुणी महाडचे. दोनदा सभा बोलावली आणि दोनदा गणसंख्येअभावी बारगळली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय?

तेव्हा नमिताला युक्ती सुचली. अध्यक्ष केळुसकर सरांना तिने जिन्यात गाठलं. "सर, सभा पेणला घ्या ना, गणपतीच्या आधीच्या रविवारी. हमरापूरला माझ्या मामाचा मूर्तींचा कारखाना आहे. सभाही होईल आणि येणाऱ्यांना मूर्तीही नेता येतील."

केळुसकर सर तिच्याकडे बघून हसले. वर्षभरात पहिल्यांदाच.

सभासद आले! बायकांसह आले, गाड्या करून आले. पेणच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. सह्यांची वही भरत चालली तशी नमिता मनातल्या मनात नाचत होती. सलीमा रोह्याहून भाऊ वाजिदच्या टेंपोतून आली. वाजिद दरवर्षी हमरापूरचे गणपती वाहायचा, त्यामुळे त्यालाही आज काम होतंच. बहीण-भाऊ मागच्या रांगेत बसून राहिले.

विद्यार्थ्यांचा विषय शेवटी ठेवला होता, अर्थात. आधी स्वागत, मग सत्कार, मग सत्काराला उत्तर, मग जेवण. वालाच्या बिरड्यावर मंडळींनी असा ताव मारला की विचारू नका. आणि हात धुवायला म्हणून जो उठला तो परत फिरकलाच नाही. नमिताने खिडकीतून पाहिलं तर गाड्या एकामागून एक हमरापूरच्या वाटेला लागलेल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी तिची गत झाली.

ठोसर सरांनी उरलेली डोकी मोजली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. "गणसंख्या नाही. विषय पुढच्या वर्षी."

"सर, पुढच्या वर्षी सलीमाच्या जागेवर दुसरं कुणीतरी असेल!"

"नियम आहे, त्याला मी काय करू?"

आता मात्र नमिताच्या पायाची आग मस्तकात गेली. वर्षभर बसून तिने एकच काम केलं होतं, नियमावली पाठ केली होती. "मग नियमानेच बोला. सभा संपल्याचं अध्यक्षांनी जाहीर करावं लागतं. केलंय का? अध्यक्ष आहेत कुठे?"

ठोसर सरांनी व्यासपीठाकडे पाहिलं. अध्यक्षांच्या खुर्चीवर नुसता हार होता.

"चला," नमिता म्हणाली आणि सह्यांची वही तिने उचललीच. वहीमागोमाग ठोसर सर आले, न येऊन करतात काय! वाजिदने त्यांना पुढे बसवलं, आणि उरलेसुरले सभासद टेंपोच्या हौद्यात उभे राहिले.

मामाच्या कारखान्यात ही गर्दी. फळ्यांवर ओल्या रंगाच्या मूर्ती दाटीवाटीने मांडलेल्या, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत अख्खी कोकण मानसशास्त्र परिषद. कुणाला सोंड आवडत नव्हती, कुणाला पितांबराचा रंग. केळुसकर सर हातातली मूर्ती उजेडाकडे फिरवून फिरवून बघत होते. नमिता एका उपड्या खोक्यावर चढली आणि ओरडली, "सभा अजून चालू आहे!"

"नमे!" कमळाकरमामा रंगाचे हात घेऊन धावत आला. "अगो, गिऱ्हाईक हाय ना ती! तुझी सभा मागनं घाल."

"मामा, मागनं ही माणसं सापडत नाय रे!"

ठोसर सर म्हणाले, सूचनेत स्थळ पेण असं आहे. कुणीतरी म्हणालं, हमरापूर पेण तालुक्यातच येतं. ठोसर सर म्हणाले, तालुका आणि स्थळ यांत फरक आहे. नमिताला वाटलं, आता आपण किंचाळणार. पण केळुसकर सरांना संध्याकाळच्या आत ठाणं गाठायचं होतं. ते वैतागून म्हणाले, "घेऊन टाका हो एकदाचं. विद्यार्थी प्रतिनिधीला बोलण्याचा अधिकार द्यावा. बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

होणार कसा? प्रत्येकाच्या दोन्ही हातांत गणपती होता. फळ्यांवर बोट ठेवायला जागा नव्हती, आणि गणपती जमिनीवर ठेवतो कोण?

"हात शून्य," ठोसर सर म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं. "ठराव नामंजूर."

नमिताला हसावं की रडावं कळेना. एवढ्यात सलीमा पुढे झाली. सरळ केळुसकर सरांपुढे जाऊन तिने हात पसरले. "द्या सर, मी धरते."

सर गडबडले. तिने एक हात पाटाखाली घातला, दुसरा मूर्तीच्या पाठीशी लावला आणि अलगद मूर्ती घेतली. सरांचे हात मोकळे झाले. सगळे बघत होते. त्यांनी हात वर केला.

ती मूर्ती त्यांच्या पत्नीकडे देऊन सलीमा पुढच्या माणसापाशी गेली. मग त्याच्या पुढच्यापाशी. "द्या, मी धरते." हात वर झाला की मूर्ती परत. ठोसर सर म्हणाले, असं मतदान नियमात नाही. पण कुणी ऐकलं नाही. वाजिद दुसऱ्या बाजूने निघाला. मग सभासदांच्या बायकाही नवऱ्यांच्या हातांतले गणपती घ्यायला लागल्या, काही जणी तर डोळे वटारून. सलीमा दाराशी पोचेपर्यंत पुरेसे हात झाले होते. ठोसर सरांना पेन चालवावंच लागलं.

"हं, प्रतिनिधी," केळुसकर सर घड्याळ बघत म्हणाले. "बोला काय बोलायचंय ते."

नमिताने सभेसाठी भाषण घोकलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. "सर," ती म्हणाली, "मार्गदर्शक तुमचा पळाला. सलीमा पळाली नाही, तिने वर्षभर काम केलं. मग वर्ष तिचं का बुडवता?"

केळुसकर सर ठोसर सरांकडे वळले. "खरंय की हो. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. धरा तिचं काम, या आठवड्यात पदविका देऊन टाका." मग पत्नीकडून मूर्ती घेऊन, गणपतीच्या तोंडावर रुमाल टाकून ते गाडीकडे निघाले. बाकीचेही निघाले. कुणी दोरी मागत होतं, कुणी पेंढा.

सलीमा मटकन खाली बसली आणि ओंजळीत तोंड धरून हसत सुटली. वाजिद तिच्या डोक्यावर टपल्या मारत होता. नमिता मात्र खोक्यावरच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मामा जवळ आला. "काय गो, झालं ना तुझ्या मनासारखं? मग रडतस कशाला?"

"एवढं सोपं होतं, मामा," नमिता म्हणाली. "एवढं सोपं होतं म्हणून."