गैरहजर असलेल्यांनी हात वर करा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर फुंकरमहाराज बसले होते. बाटलीतल्या पाण्यावर फुंकर मारून ते दम्यापासून रक्तदाबापर्यंत सगळं बरं करत. टकलावर मात्र त्यांची फुंकर चालत नसावी, निदान स्वतःच्या तरी. अट एकच, औषधं समोरच्या टोपलीत टाकायची.

"ज्यांना गुण आला, त्यांनी हात वर करा," महाराज म्हणाले. जिकडेतिकडे हातच हात. "आता गुण न आलेल्यांनी." एकही हात वर झाला नाही. महाराज गालातल्या गालात हसले. याहून मोठा पुरावा कुठल्या डॉक्टरकडे असेल तर घेऊन या, म्हणाले.

आईच्या पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. आज त्या टोपलीत जाणार होत्या. घरी मी आठवडाभर डोकेफोड केली होती. तिचं उत्तर ठरलेलं, एवढी माणसं काय खोटं बोलतात? खोटं कुणीच बोलत नव्हतं, हीच तर गंमत होती.

मी तिच्या कानाशी लागले. "शाळेत तू हजेरी कशी घ्यायचीस गं? 'गैरहजर असलेल्यांनी हात वर करा' म्हणून?"

माझे वडील, अण्णा, गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "वेडी का तू? जे आलेच नाहीत ते हात कसा..."

ती थांबली. शेजारच्या खुर्चीकडे बघत राहिली. अण्णा तिथेच बसायचे. सुरुवातीला बरं वाटलं तेव्हा त्यांनीही ऐटीत हात वर केला होता, त्याआधी गोळ्या टोपलीत टाकून. तो हात मोजला गेला. पुढचं कुणी मोजलं नाही.

आई उठली, वर्गात उठायची तशी. "महाराज, जे यायचे थांबले त्यांची हजेरी कोण घेतं?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली, माई."

"माझे यजमान शेवटपर्यंत तुमचंच पाणी पीत होते."

मग मागून एक बाई पुटपुटली की त्यांच्या वरच्या मजल्यावरचे काकाही हल्ली दिसत नाहीत. माना वळू लागल्या. इथे नसलेल्यांना लोक पहिल्यांदाच शोधत होते.

बरे झालेलेच जिथे परत येतात, तिथे विचारून काय कळणार? खरं जाणून घ्यायचं तर पहिल्या दिवशी आलेल्या सगळ्यांच्या घरी जा. दार कुणी उघडलं नाही, तर तेही मोजा.

आईने पर्समधून गोळी काढली, महाराजांच्या बाटलीतलं घोटभर पाणी घेऊन गिळली आणि म्हणाली, "चला, पाणी एकदाचं उपयोगी पडलं."