म्हशीनं पिलेली आंबील

मी आष्टीकडला गवंडी, नाव रामकिसन. दगडात हात चांगला हाय, शाळंत चौथीच्या फुडं गेलो न्हाई. विहिरीचं बांधकाम असलं की लोक मला लांबून बोलवत्यात. दोन सालामागं केजकडल्या युसूफ वडगाव गावच्या दस्तगीरभाईनं बोलवलं. त्येंची जुनी विहीर खचलती, सात वर्सं रान पडीक होतं, पोरगं पुण्याला टेम्पो चालवायला गेलतं. त्या साली नव्यानं खांदली तर पानी लागलं. ज्वारी कमरंला आलती, अन विहीर आतून बांधायला मी.

"रानात झोपू नका मिस्तरीभाई, थंडी लई हाय," म्हनून त्येंच्या बायकूनं, हुरमतभाबीनं, पयल्याच दिवशी वसरीत माझी वाकळ टाकली. मग दोन म्हैने मी त्येंच्याच घरी. सकाळी म्हशीची धार मी काढायचो, कारन दस्तगीरभाईचं गुडघं वाकत न्हवतं. सालन म्हंजी कालवन भाबी करायची, भाकऱ्या मी थापायचो. हसू नका. चाळीस वर्सं गावोगाव कामावर ऱ्हायलेल्या मानसाची भाकरी बायकोच्या भाकरीपरीस गोल असती. पयल्या रोजी भाबीनं माझी भाकरी उलटीसुलटी करून बघितली अन म्हनली, "आज से तवा तुमारा."

सोमवारी मी मटन खात न्हाई, हे तिला एकदाच सांगितलं. परत कदी सांगावं लागलं न्हाई. सोमवारी सगळ्या घराला मेथी. दस्तगीरभाई ताटाकडं बघून म्हनायचा, "तुझ्या महादेवानं मला बी धरलं का बे?"

आता येळवस. तिकडं मार्गशीर्षाच्या आवसंला अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप म्हंजी खोपट करायचं, पाच दगडं पांडव म्हनून मांडायचे, सगळ्या शेंगा अन दान्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, अन मडकंभर आंबील. रस्त्यानं जानारा कोन बी दिसला तर हाक मारून जेवू घालायचा. आमच्या आष्टीकडं हे काय न्हाई. मला ते सगळं भाबीनं शिकिवलं. मी म्हनलं, "भाबी, हा तुमचा सन हाय व्हय?"

"रान कुनाचं हाय?" भाबी म्हनली. "मग सन बी आमचाच. पांडवाला कुंकू वाटेकरी अंगद लावतो. पोट मी भरते."

सात वर्सं रान पडीक, म्हनून सात वर्सं येळवस न्हाई. त्याच्याआदी भाबीची आंबील प्यायला अर्धं गाव तिच्या कोपीवर यायचं म्हनं. त्या साली तिनं घरोघर जाऊन सांगितलं, आमच्या रानात या. दोन दिवस आदी ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडकं भरलं अन गोठ्यात, म्हशीच्या उबीला, पोत्यात गुंडाळून ठिवलं. थंडीत आंबायला ऊब लागती. हे मला कुनी सांगितलं न्हवतं.

येळवशीच्या सकाळी मी धार काढायला गेलो. मडकं उघडलं तर आंबट वास, वर फेस. गोठ्यातली वस्तू, पोत्यात गुंडाळलेली. म्हनलं हे म्हशीचंच. घमेल्यात वतलं. म्हशीनं घमेलं चाटून लख्ख केलं अन माझ्याकडं बघून आनखी मागितलं.

घडीभरानं भाबी लसून कुटून आली. "मिस्तरीभाई, मडक्यातलं कुठंय?"

मी म्हशीकडं बोट दाखिवलं.

भाबी वरडली न्हाई. वरडली असती तर बरं झालं असतं. दगडावर बसली अन पदरानं तोंड पुसलं. "दुपारला अर्धं गाव यील. आता आंबवायला दोन दिवस कुठून आनू? काय पाजू?"

"चहा पाज," दस्तगीरभाई म्हनला. भाबीनं नुसतं बघितलं. भाई काठी घेऊन बाहीर गेला.

मी म्हनलं, "आज घरोघर आंबील हाय. मागून आनू."

"नक्को. सात वर्सानं चूल पेटली अन मी तांब्या घेऊन दारोदार फिरू? लोक म्हनतील, हुरमतीला आता जमत न्हाई."

"तुमी कावून फिरता? मी पाजली, मी फिरतो."

मडकं घासलं, डोईवर घेतलं अन निघालो. ती मागनं नक्को नक्को म्हनत ऱ्हायली.

पयलं दार ताराबाईचं लागलं. तिच्या अन भाबीच्या आंबिलीची जुनी चुरस हाय, हे मला तिच्या उंबऱ्यात कळलं. ताराबाईनं कमरंवर हात ठिवले. "हुरमतीनं पाठिवलं?"

"न्हाई. तिची आंबील मी म्हशीला पाजली. चूक माझी हाय."

"किती पाजली?"

"समदी."

"म्हशीनं सगळी पिली?"

"घमेलं चाटून."

"मंग चांगली झालती म्हनायची," ताराबाई म्हनली अन आत गेली. मला वाटलं आता दार लागतंय. तर ती हांडा घेऊनच आली अन अर्धा हांडा माझ्या मडक्यात रिकामा केला. "तिला म्हनावं लसून तुझा टाक. माझा तिला कदी पटला न्हाई."

गल्लीच्या तोंडाला जाईस्तोवर बातमी माझ्या फुडं पळालती. मोबाइल लई वाईट वस्तू. बाया तांबे भरून दारातच हुब्या. छबुबाईनं इचारलं, "म्हशीवाले मिस्तरी तुमीच का?" मी म्हनलं हाव. हसून हसून तिनं निम्मी आंबील माझ्या खांद्यावर सांडली. भीमनगरातली जाईबाई तर सोता सडकंवर आली अन दोन तांबे वतून म्हनली, "आमच्यात मीठ कमी हाय, तेवढं बघा." अकरा घरं झाली. मान आखडली, पर मडकं गळ्यापातूर भरलं.

भाबीनं बोट बुडवून चाखली. तोंड वाकडं केलं. कुठं खारट, कुठं आळनी, कुठं पातळ, मधीच मिरची. "एका मडक्यात अकरा घरं भांडायलीत," ती म्हनली. मग तिनं पदर खोचला, चूल पेटिवली अन मडकं हळू आचंवर ठिवलं. ताक घातलं, जिरं भाजून टाकलं, ओवा चुरला, लसून टाकला. घुटत ऱ्हायली, चाखत ऱ्हायली, मडक्याशी पुटपुटत ऱ्हायली. बाजूला मी भाकऱ्या थापत हुतो, एक डोळा तिच्याकडं. पाऊन तासानं पळीभर माझ्या हातावर वतली. "बोला."

मी हात फुडं केला. तिनं दुसरी पळी वतली अन पयल्यांदा हसली.

दुपारी रानात पाय ठिवायला जागा न्हवती. माझ्या नव्या विहिरीच्या कडंवर पोरं बसली, खाली बाया. अकराच्या अकरा घरं आली, वर न मागितलेली बी. आंबिलीला तर रांग लागली. ताराबाई एक तांब्या पिली. दुसरा घेतला.

तेवढ्यात केजकडनं एसटी आली. भाबीनं हातातली पळी टाकली, डोईवरचा पदर सावरला अन जाऊन सडकंच्या मधी हुबी ऱ्हायली. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. "म्हातारे, मरायचंय का?"

"उतर खाली. येळवस हाय."

"टाइम झालाय माझा."

"उतर म्हनते ना. सगळ्यास्नी घिऊन उतर."

कंडक्टरनं घड्याळाकडं बघितलं, मग आमच्या कोपीकडं बघितलं अन सोताच पयला उतरला. मागनं नऊ प्याशिंजर. ड्रायव्हरनं उभ्या उभ्या तांब्या घटाघटा रिचिवला, मिशा पुसल्या अन म्हनला, "लई दिसानं आशी पिली. कुनाची ही?"

अकरा बाया तिथंच बसल्यात्या. समद्यास्नी ठावं, मडक्यात कुनाचं किती. भाबी खाली बघायली.

ताराबाई म्हनली, "हुरमतीची. पी गुमान, अन तांब्या फुडं दे."