फक्त टाळ्या

“आजच्या कुस्तीला साडेचार तारे,” निशिवाकी म्हणाला आणि नेहमीच्या दुकानातल्या टेबलाच्या तव्यावरच्या कोबीच्या धिरड्याचे उलथन्याने सटासट चार तुकडे केले. “पाच देणार होतो. पण शेवटची दहा मिनिटं कुरोइवा नुसता लोळत होता, त्याचा अर्धा कापला.”

मिसाओ तेरानिशीने मास्क हनुवटीखाली ओढला, एक तुकडा तोंडात टाकला, जीभ सणसणीत भाजून घेतली आणि तरी गप्प राहिली. गप्प राहायची तिला अजिबात सवय नव्हती. ओसाकातल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात ती सत्तावीस वर्षं सहाशे पोरांचं जेवण शिजवत आली होती. तिथल्या पंख्यांच्या आणि वाफेच्या घरघराटातून पलीकडच्या टोकाला हाक पोहोचवायची तर गळा कमवावाच लागतो. मिसाओने तो असा काही कमावला होता की शहराच्या नाम्बा भागातल्या क्रीडागृहात सहा हजार माणसं बसलेली असली तरी तिचा आवाज वेगळा ओळखू यायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा व्यावसायिक कुस्ती बघायला गेली तेव्हा दाइगो कुरोइवा हे कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक धटिंगण त्याला आपटून आपटून दमला होता आणि कुरोइवा गुडघ्यांवर बसून, कपाळ रिंगला टेकवून, आता संपलंच अशा अवस्थेत होता. सगळं क्रीडागृह चिडीचूप झालेलं. त्या शांततेत मिसाओच्या तोंडून निघून गेलं, “कुरोइवा, ऊठ, भात निवतोय.”

लोक खो खो हसले. कुरोइवा उठला. हरला तो नंतर, पण उठला.

तेव्हापासून ओसाकातल्या त्याच्या प्रत्येक कुस्तीत मिसाओ ही आरोळी एकदाच ठोकायची. केव्हा, हे तिचं तिलाच कळायचं. गलका चालू असताना नाही, समोरचा दोरांवर चढत असताना तर मुळीच नाही. तो गुडघ्यांवर हवा, आणि माणसं श्वास रोखून बसलेली हवीत. टीव्हीवर समालोचन करणारेसुद्धा त्या क्षणी बोलायचे थांबायचे. क्रीडागृहात दक्षिणेकडे बसणाऱ्या कुरोइवाच्या चाहत्यांचं ‘दक्षिण बाजू’ नावाचं एक चिमुकलं मंडळ होतं, आणि त्यात मिसाओचा मान असा होता की तिकिटं आली की पहिलं तिला निवडू द्यायचे.

आणि आज, अजिंक्यपदाच्या पट्ट्याच्या कुस्तीला, तिने तोंड उघडलं नव्हतं.

कारण साधं होतं. साथ चालू होती. क्रीडागृहात एकाआड एक खुर्ची रिकामी, तोंडाला मास्क, आणि ओरडायला बंदी. फक्त टाळ्या वाजवा. आयोजकांच्या गणवेशातली मुलंमुली हातात तसे फलक घेऊन रांगांमधून फिरत होती. कुरोइवा आता चव्वेचाळीस वर्षांचा. या पट्ट्यासाठी पाच वेळा लढला, पाचही वेळा हरला. हा सहावा प्रयत्न. आणि या वेळी हरलो तर हा पट्टा पुन्हा मागणार नाही, असं त्याने वर्तमानपत्रांना आधीच सांगून टाकलं होतं. समोर सव्वीस वर्षांचा चॅम्पियन मिझुशिमा, केसांच्या पिवळ्याजर्द झिपऱ्या उडवणारा.

एकतिसाव्या मिनिटाला कुरोइवा त्यांच्याच बाजूच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर आला. कपाळ खाली टेकवलं. टाळ्या थांबल्या. मग त्याने डोकं उचललं आणि दक्षिणेकडच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मिसाओचं म्हणणं, माझ्याकडेच पाहिलं. ताट वाढून पुढ्यात ठेवावं तसा तो क्षण तिच्या पुढ्यात आला होता. तिने छाती भरून श्वास घेतला. दोन पावलांवर फलकवाली मुलगी उभी होती, असेल एकोणीस-वीसची, फलक दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. तिने मिसाओकडे पाहून डोळ्यांनीच विनंती केली, प्लीज नको.

मिसाओने श्वास सोडून दिला. तो मास्कमधून वर गेला आणि चष्म्याची दोन्ही भिंगं पांढरीफटक झाली. तिने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत चढवला. तोवर कुरोइवाचे खांदे रिंगला टेकले होते, पंचाचे तीन आकडे मोजून झाले होते आणि कुस्ती संपली होती.

म्हणजे ज्या शेवटावर तव्याभोवती आता रणकंदन चाललं होतं, तो शेवट तिने पाहिलाच नव्हता. आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ओबाताकाका म्हणत होते की तीन म्हणायच्या आधी खांदा उठला होता. ओबाता हे आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. बोलताना अजूनही समोर काच असल्यासारखे सरळ पुढे बघत. पंचाला घाई झाली होती, त्याला आठच्या आत घरी जायचं असेल, असं त्यांचं मत. निशिवाकी मोबाइलच्या दुकानात कामाला होता आणि सगळं जग त्याच्या खिशात होतं. त्याने चित्रफीत काढून, थांबवून, मागे नेऊन दाखवलं की खांदा उठला खरा, पण तीननंतर. दोघांनी ती फीत सात वेळा पाहिली. मग दोघेही तिच्याकडे वळले. बाई, तुमच्या नाकासमोर झालं, तुम्ही सांगा.

“आधीच उठला होता,” मिसाओ म्हणाली आणि सरळ सरळ खोटं बोलल्यामुळे तिला घाम फुटला.

ओबाताकाकांनी बिअरचा पेला खाली ठेवला. “मला एक सांगू का बाई? तुम्ही हाक मारली असतीत ना, तर खांद्याचा प्रश्नच आला नसता. पुरता उठला असता तो.”

निशिवाकी उसळला. काका काय बोलताय, एकाने ओरडलं असतं तर शंभर जण ओरडले असते, पुढचे सगळे कार्यक्रम बंद पडले असते, मिसाओमावशीचा फोटो रातोरात देशभर फिरला असता. इथवर मिसाओला बरं वाटत होतं. पण निशिवाकीला कुठे थांबायचं ते कधी कळतच नसे. तो पुढे म्हणाला, “आणि खरं सांगायचं तर, कुणीतरी भाताला बोलावल्याशिवाय जो उभा राहू शकत नाही, तो चॅम्पियन कसला?”

तव्यावर सॉस जळल्याचा वास सुटला.

“तुम्ही दोघं आधी ठरवा,” मिसाओ म्हणाली. “मी गुन्हेगार आहे, की तो कुचकामी आहे. ठरलं की मला कळवा.”

आणि आपला वाटा टेबलावर ठेवून ती उठली. ती अशी अर्धं धिरडं टाकून उठल्याचं दुकानाच्या मालकिणीने आजवर पाहिलं नव्हतं.

सोमवारी स्वयंपाकघरात हिसाए भेटली. ही तिच्याबरोबर भाज्या चिरणारी, कुस्तीला मुलांचा खेळ समजणारी. तिने नेहमीचंच ऐकवलं: अगं, कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, तू कशाला जीव काढतेस.

“आपला महिन्याचा बेत पण पहिल्या तारखेलाच छापून घरोघर जातो,” मिसाओ म्हणाली. “म्हणून सूप आपोआप शिजतं का?”

हिसाए पुन्हा भाज्या चिरू लागली. मिसाओच्या मनातला वाद मात्र थांबेना. कारण ठरलेलं असतं म्हटलं तर तिचा त्रास उलट दुप्पट होत होता. ठरवतं कोण? ठरवणारे क्रीडागृहाचा कानोसा घेऊनच ठरवतात, हे तर कुस्तीच्या प्रत्येक चाहत्याला माहीत असतं. ज्याच्यासाठी लोक बेंबीच्या देठापासून ओरडतात, त्याला आज ना उद्या पट्टा मिळतोच. मग त्या दिवशी त्यांनी कान लावला तेव्हा त्यांना काय ऐकू आलं? टाळ्या. कुरोइवाला टाळ्या, मिझुशिमाला टाळ्या, मोडक्या माइकलाही टाळ्या. सगळ्यांना एकसारख्या, मोजून मापून, मुगाच्या मोडांसारख्या.

तिने त्या दिवशी मुगाचे मोड इतके जोरात धुतले की निम्मे चाळणीतून वाहून गेले.

कुस्तीच्या साप्ताहिकाने त्या कुस्तीवर वाचकांची मतं मागवली होती, पोस्टकार्डावर, आठ ओळींत. मिसाओने कार्डं आणली. पहिल्या कार्डावर तिने पंचाला फैलावर घेतलं. दुसऱ्यावर बंदी घालणाऱ्यांना. तिसऱ्यावर मिझुशिमाच्या झिपऱ्यांना, ज्यांचा तसा काही दोष नव्हता. पण प्रत्येक कार्ड पाचव्या-सहाव्या ओळीत एकाच जागी येऊन अडायचं. तिथे लिहावं लागायचं की शेवटी काय झालं, आणि शेवटी तर ती चष्मा पुसत होती. तिन्ही कार्डं तिने फाडली. मग फाडल्याचाही राग आला.

पुढच्या अंकात अकरा मतं छापून आली. त्यात निशिवाकीचं होतं, साडेचार ताऱ्यांसकट. त्याने अंकाच्या चार प्रती घेतल्या आणि एक तिला आणून दिली. कुणी लिहिलं होतं की कुरोइवाने दहा वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं. कुणी लिहिलं होतं की असा देखणा पराभव जन्मात पाहिला नाही. आणि एका गृहस्थांनी तर कहरच केला होता: प्रेक्षकांच्या शिस्तबद्ध टाळ्यांनी माझे डोळे पाणावले, म्हणे. मिसाओने अंक मिटला आणि त्यावर तापलेलं पातेलं ठेवलं.

तिला आता कुणाचंच मत नको होतं. तिला एकाच माणसाची माफी मागायची होती.

महिन्याभराने तशी संधी आली. बाजारपेठेतल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात कुरोइवा शनिवारी दुपारी सह्या देणार होता. नियम दारावरच चिकटवले होते: हात निर्जंतुक करा, मास्क काढू नका, कुस्तीगिराशी बोलू नका, नाव चिठ्ठीवर लिहून द्या. बोलायचं नाही तर नाही. मिसाओने घरूनच एक वेगळी चिठ्ठी लिहून आणली होती. ‘भाताची हाक मारणारी मी. त्या दिवशी मी समोरच होते आणि ओरडले नाही. माफ करा.’ एवढंच. इतकी सोपी तीन वाक्यं एका महिन्यात का सुचली नाहीत याचं तिलाच नवल वाटलं.

निशिवाकी तिच्या पुढे होता. त्याचं झालं, तो दाराकडे सरकला. मिसाओ टेबलाशी आली. पारदर्शक पडद्याच्या पलीकडे कुरोइवा बसला होता. रिंगमध्ये डोंगर वाटणारा माणूस जवळून बराच थकलेला दिसत होता. एक पाय त्याने टेबलाखाली ताठ लांब केला होता. नावाची चिठ्ठी तिने पडद्याखालून सरकवली. दुसरी अजून मुठीत होती. त्याने चौकोनी जाड कागदावर सही केली, तिचं नाव घातलं, आणि वर पाहताना त्याची नजर तिच्या जाकिटावरच्या ‘दक्षिण बाजू’च्या बिल्ल्यावर थांबली.

तो पुढे वाकला. मास्कमधून अगदी हळू म्हणाला, “तुमच्यातल्या त्या भातवाल्या बाई बऱ्या आहेत ना?”

मिसाओने मान हलवली. आहेत, बऱ्या आहेत.

“हुश्श.” त्याचे खांदे खाली आले. “त्या दिवशी आल्या नव्हत्या ना? मी ऐकत होतो. म्हटलं, या साथीत त्यांचं काही बरंवाईट तर...”

त्याने वाक्य सोडून दिलं आणि उत्तराची वाट पाहिली. दुकानदाराचा माणूस फलक घेऊन इकडे यायला निघाला होता. मिसाओच्या मुठीत चिठ्ठी घामाने मऊ पडली होती. समोरच होते, असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं. समोरच होते आणि गप्प होते. आणि हा माणूस एकतिसाव्या मिनिटाला, कपाळ उचलून, पट्टा सोडून, ती जिवंत आहे का ते बघत होता.

तिने पुन्हा मान हलवली. नव्हत्या आल्या.

“मग बरं आहे,” कुरोइवा म्हणाला. आणि खरंच त्याला बरं वाटल्याचं दिसलं. मास्कच्या वर डोळ्यांभोवती सुरकुत्या जमल्या. त्याने ढिगातून आणखी एक कोरा कागद ओढला, त्यावरही सही केली, आणि नावाच्या जागेवर पेन टेकवून विचारलं, “त्यांचं नाव?”

चिठ्ठ्यांसाठी ठेवलेली पेन्सिल टेबलालाच दोऱ्याने बांधलेली होती, तिच्या हाताशी. पण तेच नाव त्याने आत्ताच पहिल्या कागदावर घातलं होतं. मिसाओने नकारार्थी मान हलवली.

“राहू दे. त्यांनाच लिहू द्या,” तो म्हणाला आणि बसल्या जागी वाकून त्याने नमस्कार केला. तेवढ्यात फलक मध्ये आला.

बाहेर निशिवाकी ताटकळत उभा होता. एवढा वेळ काय चाललं होतं, तो काय म्हणाला, पायाबद्दल काही बोलला का, पुन्हा लढणार का, असं त्याचं चालूच होतं. मिसाओ म्हणाली, तब्येत विचारली. एवढंच? एवढंच.

सह्यांची शाई ओली होती. तिने एक कागद उजव्या तळहातावर आणि एक डाव्या तळहातावर असे सपाट धरले होते. एकावर तिचं नाव होतं, दुसऱ्यावर नावाची जागा रिकामी. तिचा मास्क नाकाखाली घसरला होता. निशिवाकीने खूण करून दाखवलं, पण तिला हात मोकळा नव्हता. शेवटी त्यानेच पुढे होऊन, दोन बोटांनी, जपून तो वर ओढून दिला. तिचा चष्मा धुरकटला. पुसता येत नव्हता, म्हणून ती तशीच, अंदाजाने, गर्दीतून वाट काढत स्टेशनाकडे चालू लागली.